आखणी शेवटाकडून करावी

शाळेत अध्यापन करीत असता मुलांच्या मनोव्यापारांविषयी ज्यांना ओढ लागते आणि नोकरी न सोडता मानसशास्त्राचे एखादे पदव्युत्तर प्रमाणपत्र मिळवावे असे ज्यांच्या मनात येते, अशा शिक्षकांची संख्या आता तालुक्याच्या गावांतूनही वाढत आहे, ही मला मोठ्या समाधानाची गोष्ट वाटते. परंतु यांपैकी बहुतेकजण माहितीपत्रकातील विषयांची यादी वरून खाली वाचतात आणि ते विषय त्याच क्रमाने आपल्या वाट्याला येतील असे धरून चालतात, म्हणून माझ्यावर गुदरलेला प्रसंग त्यांच्या कानावर घालणे मला अगत्याचे वाटते.

ज्या संस्थेत मी प्रवेश घेतला तेथील अध्यापकवर्ग व्यासंगी होता, ग्रंथालय उत्तम होते, आणि पहिल्या सत्रातील विकासात्मक मानसशास्त्राच्या व्याख्यानांनी तर वर्गातील मुलांकडे पाहण्याची माझी दृष्टीच पालटली. दुसऱ्या सत्रात मनोमापन आणि पुढे उन्हाळ्यात चाचणीचे प्रात्यक्षिक, अशी माझी तजवीज होती. प्रवेशाच्या वेळी दफ्तरात मला तसेच सांगण्यात आले होते, आणि त्या भरवशावर शाळेकडून मी बिनपगारी रजेची मंजुरीही मिळवली होती. मात्र सत्र सुरू होण्याच्या सुमारास असे कळविण्यात आले की, पुरेसे विद्यार्थी न मिळाल्यामुळे मनोमापनाचा वर्ग यंदा भरणार नाही, आणि तो विषय उत्तीर्ण झाल्यावाचून प्रात्यक्षिकास बसण्याची परवानगी कोणालाही देता येणार नाही. अर्जविनंत्यांचा उपयोग झाला नाही. मंजूर झालेली रजा फुकट गेली, आणि प्रमाणपत्र वर्षभर लांबले.

वर्ग रद्द होण्याची शक्यता संस्थेने आधी सांगावयास हवी होती, हे माझे मत आजही कायम आहे. परंतु मनोमापनावाचून प्रात्यक्षिक नाही, हा नियम मात्र सर्वथा रास्त होता. डॉ. भाटिया यांनी भारतीय मुलांसाठी सिद्ध केलेली आणि १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेली कृतिचाचणी ११ ते १६ वर्षे वयाच्या मुलांसाठी असून तिच्या पाच भागांपैकी पहिला रंगीत ठोकळ्यांचा आहे : समोर ठेवलेल्या नमुन्याबरहुकूम मुलाने ठोकळे जुळवावयाचे आणि परीक्षकाने वेळ मोजावयाची. पाहणाऱ्यास हे सोपे वाटते. पर्यवेक्षकांच्या देखत पहिल्यांदा ही चाचणी घेताना माझ्यापुढचा मुलगा नमुना जवळजवळ पुरा करून थबकला, एक ठोकळा बोटांत फिरवू लागला आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहू लागला. तेव्हा नुसती मान हलवून त्याला दिलासा द्यावा ही शिक्षकाच्या अंगी मुरलेली ऊर्मी आवरणे किती कठीण, आणि ती न आवरल्यास निघणारा गुणांक किती खोटा, हे मला त्या क्षणी जसे उमगले तसे कोणत्याही ग्रंथाने उमगले नसते. गुणांक हाती आल्यावरही काम संपत नाही. ही मानके कोणत्या मुलांवरून ठरविली आणि केव्हा ठरविली, हे विचारावेच लागते. कारण जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतील चाचण्यांवरून दाखवून दिल्याप्रमाणे जुन्या मानकांवर मोजलेली बुद्धी असावी त्याहून अधिक दिसते. सरासरी, प्रमाण विचलन आणि विश्वसनीयता यांचा अर्थ ज्याने नीट जाणलेला नाही त्याने लिहिलेला एक आकडा मुलाच्या शाळेच्या कागदपत्रांत वर्षानुवर्षे राहतो, आणि त्याचे परिणाम भोगावे लागतात ते त्या मुलाला.

म्हणून माझे सांगणे असे की, आखणी प्रात्यक्षिकापासून मागे मागे करीत यावी. प्रात्यक्षिक कोणत्या सत्रात होते, त्यापूर्वी कोणते विषय उत्तीर्ण व्हावे लागतात, ते विषय दरवर्षी शिकविले जातात की वर्षाआड, आणि किमान किती विद्यार्थी असल्यास वर्ग भरतो, या प्रश्नांची उत्तरे मिळाली की मग पहिल्या सत्रात काय घ्यावे हे निराळे ठरवावे लागत नाही. बहुधा त्या जागी सांख्यिकी येते; तिला भिऊन पुढे ढकलणारे पुष्कळ भेटतात, आणि अडतात तेही तेच. वेळेचा हिशेबही आधीच मांडावा. एका श्रेयांकास व्याख्यानाचे १५ तास, तर प्रात्यक्षिकाचे ३० तास, हे विद्यापीठांतून रूढ असलेले प्रमाण धरले तर चार श्रेयांकांचे प्रात्यक्षिक १२० तासांचे होते, आणि नोंदवहीचे लेखन व पर्यवेक्षकांशी चर्चा यांसाठी लागणारा वेळ पुष्कळदा त्याखेरीज असतो. एवढे तास शनिवार-रविवारच्या सुटीत बसणार नाहीत, हे घरच्यांना व मुख्याध्यापकांना अगोदरच सांगितलेले बरे.

याहूनही महत्त्वाची खातरजमा प्रवेशापूर्वीच करावयाची असते, ती म्हणजे हे प्रमाणपत्र आपल्याला कोणता अधिकार देते याची. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची व्याख्या दिलेली असून, तीत एक तर भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेल्या संस्थेची या विषयातील अर्हता, किंवा पदव्युत्तर पदवीनंतर पर्यवेक्षित प्रशिक्षणासह दोन वर्षांचा पूर्णवेळ एम. फिल. अभ्यासक्रम अपेक्षिला आहे. अल्पकालीन प्रमाणपत्राने ती पदवी नावापुढे लावता येत नाही. शाळेतील समुपदेशनाची समज वाढविण्यास, कोणत्या मुलाला तज्ज्ञाकडे पाठवावे हे वेळेवर ओळखण्यास आणि पालकांशी जबाबदारीने बोलण्यास त्याचा उपयोग फार मोठा आहे, आणि एवढ्यासाठी ते घेणाऱ्याने ते अवश्य घ्यावे. मात्र दवाखाना थाटण्याच्या उद्देशाने येणाऱ्याने आपला पैसा आणि उमेद निराळ्या मार्गाला लावावी.

तेव्हा प्रवेशाचे शुल्क भरण्यापूर्वी येत्या दोन वर्षांचे सत्रवार वेळापत्रक, प्रात्यक्षिकाच्या पूर्वअटी आणि वर्ग रद्द झाल्यास होणारी पर्यायी व्यवस्था, ही तिन्ही संस्थेकडून लेखी मागून घ्यावी. आणि जी संस्था असे लेखी देण्यास टाळाटाळ करील, तिच्याकडे प्रवेश घेऊ नये.