समाधान मोजता येते का?

ताप मोजायला थर्मामीटर, उंची मोजायला पट्टी आणि वजन करायला काटा. मग समाधान मोजायला काय घ्यायचे? "समाधान ही का मोजायची वस्तू आहे!" असे तुम्ही चटकन म्हणाल. परंतु मधुमेहाच्या उपचारात वैज्ञानिकांना ते मोजावे लागले. का आणि कसे, ते आज पाहू.

मधुमेहाचे औषध लागू पडते की नाही, हे रक्ततपासणीवरून कळते. रक्तातील ग्लुकोज तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. म्हणून शेकडा किती हिमोग्लोबिनला ग्लुकोज चिकटले आहे हे पाहिले, की मागील दोन-तीन महिन्यांत साखर सरासरीने किती होती याचा अंदाज येतो.

मग आणखी काय मोजायचे राहिले? समजा, दोन आजोबा आहेत. दोघांच्याही तपासणीचा आकडा ७ टक्के. परंतु पहिल्या आजोबांची साखर औषधामुळे मधूनच एकदम उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात. जेवणाला उशीर झाला की त्यांचा जीव घाबरा होतो. नातवाबरोबर फिरायला जायचे तरी खिशात साखरेची पुडी हवी! दुसऱ्या आजोबांना यातला कोणताच त्रास नाही. रक्ताच्या तपासणीला हा फरक दिसत नाही.

हा फरक किरकोळ नाही. मधुमेहाचे औषध बहुधा जन्मभर घ्यावे लागते. त्याला कंटाळलेला माणूस आज एक गोळी चुकवतो, उद्या दुसरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ सालच्या अहवालानुसार, विकसित देशांतही दीर्घ आजाराचे सुमारे निम्मेच रोगी सांगितल्याप्रमाणे उपचार घेत होते. डबीत राहिलेली गोळी साखर उतरवीत नाही. साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, तर डोळे, मूत्रपिंडे आणि पायांच्या नसा यांना इजा पोहोचते. म्हणून औषधाबद्दल रोग्याला काय वाटते, हेही जाणून घेतले पाहिजे.

१९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत क्लेअर ब्रॅडली या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी यासाठी एक प्रश्नावली तयार केली. त्या वेळी इन्शुलिन देणारा पंप आणि नेहमीची इंजेक्शने यांची तुलना चालू होती. पुढे ही प्रश्नावली अनेक देशांत वापरात आली. तिच्यात अवघे आठ प्रश्न आहेत. उपचार सोयीचा वाटतो का? दिनक्रमात थोडा बदल झाला तरी तो सांभाळता येतो का? दुसऱ्या रोग्याला तुम्ही तो सुचवाल का? असे हे प्रश्न. प्रत्येक उत्तराला ० ते ६ गुण. सहा प्रश्नांच्या गुणांची बेरीज म्हणजे समाधानाचा आकडा. तो जास्तीत जास्त ३६ होतो. उरलेले दोन प्रश्न साखर फार वाढल्याचे किंवा फार उतरल्याचे किती वेळा जाणवले, हे विचारतात. त्यांचे गुण बेरजेत धरत नाहीत.

एकच प्रश्न विचारून का भागत नाही? प्रयोगशाळेत तुम्ही लंबकाचे एकच आंदोलन मोजता का? नाही. वीस आंदोलनांचा वेळ मोजून भागाकार करता, म्हणजे एखादी चूक झाली तरी तिचा परिणाम कमी होतो. येथेही युक्ती तीच.

परंतु या मापनात एक अडचण निघाली. एखाद्या बाईंनी जुन्या औषधाला ३४ गुण दिले. नंतर त्यांना त्याहून कितीतरी सोयीचे औषध मिळाले. आता गुण वाढून वाढणार किती? फार तर दोन! आपली पट्टीच अपुरी पडली. ४२ अंशांपर्यंतच खुणा असलेल्या थर्मामीटरने उकळते पाणी मोजण्यासारखेच हे झाले. म्हणून प्रश्नावलीचा दुसरा नमुना काढण्यात आला. त्यात 'पूर्वीपेक्षा आता कसे वाटते?' असे विचारून −३ ते +३ गुण देतात. शून्य म्हणजे फरक नाही. सहा प्रश्नांची बेरीज −१८ ते +१८ यांच्या दरम्यान येते. त्या बाईंना आता आपले वाढलेले समाधान दाखवायला जागा मिळाली!

दुसरी अडचण माणसाच्या स्वभावाची. डॉक्टरांनी समोरून विचारले, "औषध कसे आहे?" तर आजी म्हणणार, "बरे आहे हो, काही तक्रार नाही." डॉक्टरांना वाईट वाटू नये, हा त्यांचा हेतू. म्हणून शक्यतो रोग्यानेच स्वतः, एकांतात उत्तरे लिहावीत.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. समाधान म्हणजे साखरेवर ताबा नव्हे. औषधावर खूष असलेल्या माणसाची साखर वाढलेलीही असू शकते. दोन मापे दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात, म्हणून दोन्ही हवीत.

आता तुम्ही एक प्रयोग करा. वर्गातील दहा मित्रांना त्यांच्या दप्तराविषयी पाच प्रश्न लिहून द्या. वजन, पट्टे, खण, पावसापासून बचाव आणि 'असेच दप्तर पुन्हा घ्याल का?' प्रत्येकाला ० ते ६ गुण द्यायला सांगा. कागदावर नावाऐवजी ज्याने त्याने आपली एक खूण करावी. आठवड्याने तेच प्रश्न पुन्हा द्या आणि दोन्ही वेळच्या बेरजा ताडून पाहा. दप्तर तेच असूनही आकडे फार बदलले, तर दोष बहुधा तुमच्या प्रश्नांत आहे. मग 'तुमचे छान दप्तर तुम्हाला आवडते ना?' असा प्रश्न मुद्दाम घालून पाहा. उत्तरे कशी फिरतात, ते तुम्हालाच दिसेल.

आणि घरात कोणाला मधुमेह असेल, तर त्यांच्याजवळ बसून विचारा, "औषधाचा काही त्रास होतो का?" होत असेल, तर औषध मनाने बंद करू नका. तो त्रास कागदावर लिहा आणि पुढच्या खेपेस डॉक्टरांना दाखवा. रक्ततपासणीत न दिसणारी गोष्ट त्या कागदावरून त्यांना कळेल.