जागच्या जागी : गृहव्यवस्थेचे काही सोपे पाठ

घर नीटनेटके असावे असे न वाटणारा गृहस्थ किंवा गृहिणी विरळाच. परंतु नीटनेटकेपणा आणि व्यवस्था या दोन गोष्टी एक नव्हेत. पाहुणे येणार म्हणून समोरचा पसारा फडताळात कोंबला, तर घर क्षणभर नीटनेटके दिसते. व्यवस्थित मात्र होत नाही. ज्या घरातील कोणतीही आवश्यक वस्तू, ती ठेवणाऱ्या व्यक्तीच्या गैरहजेरीतही, घरातील दुसऱ्या माणसास सापडते, ते घर व्यवस्थित म्हणावे. आपल्याकडे बहुधा उलट स्थिती असते. कोठी आईच्या डोक्यात आणि कागदपत्रे वडिलांच्या डोक्यात. आई माहेरी गेली की हिंगाची डबी सापडत नाही, इतक्यावर निभावले तर हसण्यावारी जाते. परंतु घरातले कर्ते माणूस अकस्मात अंथरुणास खिळले किंवा निवर्तले, म्हणजे हीच गोष्ट हसण्यासारखी राहत नाही. म्हणून या पाठात सजावटीचा विचार न करता, व्यवस्था एकाच्या डोक्यातून घराच्या भिंतीत कशी उतरवावी, याचाच विचार करू.

१. वस्तूंचे स्थान

काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण आपण सर्वच जण रोज खरी करून दाखवतो. किल्ल्या, चष्मा, कात्री, विजेरी आणि काड्यापेटी या पाच वस्तूंच्या शोधात जितका वेळ व जितका राग खर्च होतो, तितका दुसऱ्या कशाच्याही शोधात होत नसेल. यावर उपाय एकच : जी वस्तू जेथे लागते तेथेच तिची जागा ठरवावी, आणि ती जागा सर्वांस ठाऊक असावी. किल्ल्यांची खुंटी दाराजवळ, कात्री शिवणाच्या डब्यात, विजेरी उशाशी. रोज लागणारे हाताच्या उंचीवर, आठवड्यातून लागणारे खालच्या खणात, सणावारी लागणारे माळ्यावर. माळ्यावरील प्रत्येक पेटीवर आत काय आहे याची चिठ्ठी चिकटवावी. नाही तर गणपतीच्या मखरासाठी चार पेट्या उतरवाव्या लागतात.

दिवे गेले असता अंधारात हात घालून वस्तू मिळाली पाहिजे, ही या व्यवस्थेची परीक्षा. ती कुटुंबातील मुलांनीही द्यावी.

२. कोठी

कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यापूर्वी बेगमी करण्याची रीत जुनी आहे. गोव्यात हिला पुरुमेंत म्हणतात. शब्द पोर्तुगीज भाषेतून आला, रीत मात्र पावसाने शिकवली. देशावर पेवे आणि कणग्या असत. आता दुकान दाराशी आले तरी वर्षाचे गहू-तांदूळ भरणारी घरे पुष्कळ आहेत, आणि त्यांतील कित्येकांचे धान्य भाद्रपदापर्यंत किडते.

याचे कारण समजून घ्यावे. सोंडकिड्याची मादी दाण्यातच अंडे घालते. म्हणून वरून स्वच्छ दिसणाऱ्या धान्यातही कीड आधीच असू शकते. तिला वाढण्यास ओलावा आणि ऊब लागते. यास्तव धान्य कडक उन्हात वाळवावे, परंतु उन्हातून उचलून गरम असतानाच डब्यात भरू नये. गरम धान्याची वाफ झाकणाखाली थंड होऊन पाणी धरते आणि तेथूनच बुरशी सुरू होते. सायंकाळी पसरून निववावे, मग कोरड्या डब्यात काठोकाठ भरावे. कडुनिंबाचा पाला घालावयाचा तर सावलीत पूर्ण वाळवलेलाच घालावा; ओला पाला उपकाराऐवजी अपकार करतो. जुन्या धान्यावर नवे ओतू नये. डब्यावर भरल्याची तारीख लिहावी आणि जुने आधी संपवावे.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगावयाची आहे. गोदामात धान्यास लावण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या काही जण घरी आणतात. हवेतील ओलाव्याशी संयोग होताच त्यांतून फॉस्फीन हा विषारी वायू निघतो आणि त्याच्या बाधेवर खात्रीचा उतारा नाही. बंद खोलीत झोपलेल्या माणसांचे प्राण यामुळे गेलेले आहेत. चार शेर गहू किडले तर चाळून घेता येतात. ही गोळी घराच्या उंबरठ्याच्या आत कदापि येऊ देऊ नये.

३. औषधे आणि विषारी पदार्थ

औषधांची पेटी एकच असावी; ती चुलीजवळ किंवा न्हाणीघरात नसावी, कारण उष्णता व दमटपणा यांनी औषधे बिघडतात. मुलांच्या हाताबाहेर, कडीच्या कपाटात तिची जागा. गोळ्या मूळ वेष्टनातून काढून डबीत भरू नयेत. नाव आणि मुदत दोन्ही त्या वेष्टनावरच असतात. वर्षातून दोन वेळा, पाडव्यास आणि दिवाळीस, पेटी उघडून मुदत संपलेली औषधे बाजूस काढावीत. मागच्या आजारातील उरलेली प्रतिजैविके दुसऱ्या माणसास आपल्या मनाने देऊ नयेत.

रॉकेल, फिनाईल, तेजाब आणि शेतीची औषधे पेयाच्या रिकाम्या बाटलीत ठेवण्याची सवय अनेक घरांत आहे. तहानलेल्या मुलास बाटली ओळखीची वाटते, आतला पदार्थ त्यास ठाऊक नसतो. दुर्दैवाने असे काही पोटात गेलेच, तर वांती करविण्याचा प्रयत्न करू नये. रॉकेल फुफ्फुसात जाते आणि तेजाब वर येताना पुन्हा भाजते. ती बाटली बरोबर घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे.

४. कागदपत्रे

या पाठाचा गाभा हाच. प्रत्येक घरात एक घरवही असावी. तीत पुढील नोंदी असाव्यात : बँकेचे व टपाल कार्यालयाचे खाते कोणत्या शाखेत, कोणाच्या नावे, नामनिर्देशित व्यक्ती कोण, विम्याच्या पॉलिसींचे क्रमांक, घराचे व जमिनीचे कागद कोठे, कोणाचे देणे, कोणाकडून येणे. महाराष्ट्रातला सातबारा म्हणा, गोव्यातला एक-चौदाचा उतारा म्हणा, कर्नाटकातली पहाणी म्हणा की मध्य प्रदेशातला खसरा म्हणा, उतारा काढताना गट किंवा सर्वे क्रमांक लागतोच. तो वहीत असावा. सांकेतिक शब्द आणि पिन मात्र या वहीत लिहू नयेत.

ही वही नसल्याने काय होते? ज्या ठेवीकडे 10 वर्षे कोणी फिरकले नाही, ती रक्कम 2014 साली स्थापन झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग होते. वारसांचा हक्क त्याने बुडत नाही. मागणी करता येते. अशा ठेवी शोधण्यासाठी 2023 साली रिझर्व्ह बँकेने उद्गम नावाचे संकेतस्थळही सुरू केले. परंतु ठेव होती हेच ज्यांना ठाऊक नाही, ते मागणी कशाची करणार? बापाने पोटाला चिमटा घेऊन साठवलेले मुलांस कळूही नये, यापरती शोचनीय गोष्ट कोणती?

नामनिर्देशनाविषयी एक गैरसमज दूर करावा. बँकेच्या खात्यावर ज्याचे नाव लावले, तो बँकेकडून पैसे स्वीकारण्यास पात्र होतो. मालकी मात्र वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँकेच्या ठेवीस 4 पर्यंत नावे लावता येतात. मृत्युपत्र साध्या कागदावरही चालते. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. गोव्यात मात्र वारशाचा कायदा निराळा आहे : सक्तीचे वारस असता साधारणतः निम्म्या मिळकतीपुरतेच मृत्युपत्र करता येते, आणि ते नोटरीपुढे करावे लागते. तेथील कुटुंबांनी जाणत्या वकिलास विचारावे.

५. जुने दप्तर

ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, बेळगाव येथील जुन्या घराण्यांत मोडी कागदांची गाठोडी अद्याप आढळतात. वाचता येत नाहीत म्हणून ती अडगळ ठरतात आणि एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातात. इतिहासाचार्य राजवाडे यांनी 1898 साली प्रसिद्ध केलेला मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड वाई येथे एका घरी सापडलेल्या कागदांतूनच उभा राहिला. तुमच्या माळ्यावर काय आहे, ते वाचल्यावाचून कोण सांगणार?

असे कागद घरी सांभाळावयाचे तर टाचण्या काढाव्यात, कारण गंजाने कागद खातो. धुतलेल्या सुती रुमालात सैल बांधून, भिंतीपासून व जमिनीपासून दूर, कोरड्या जागी ठेवावेत. उष्णतेने चिकटणारे प्लॅस्टिकचे आवरण त्यांवर कधीही चढवू नये. ते पुन्हा निघत नाही. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या, 1910 पासून हेच कार्य करणाऱ्या संस्थांकडे किंवा मोडीच्या जाणकाराकडे ते दाखवून मगच काय राखावे ते ठरवावे.

अभ्यास

पाठ वाचून बाजूस ठेवला तर तो व्यर्थ. म्हणून या महिन्यात चार कामे करावीत. पहिल्या आठवड्यात पाच चुकार वस्तूंच्या जागा ठरवाव्यात. दुसऱ्यात कोठीच्या डब्यांवर तारखा घालाव्यात. तिसऱ्यात औषधांची पेटी निवडावी आणि अनोळखी द्रव भरलेल्या बाटल्या घरातून काढाव्यात. चौथ्यात घरातील सर्वांनी एकत्र बसून घरवही लिहावी. पती सांगत असता पत्नीने लिहावी, म्हणजे दोघांसही ठाऊक होईल. वहीची जागा घरातील आणखी एका वडीलधाऱ्या किंवा सज्ञान व्यक्तीस सांगून ठेवावी. पुढे दर पाडव्यास तीत फेरबदल करावेत. एवढे झाले की घर, आपण असू वा नसू, आपल्या माणसांच्या उपयोगी पडते.