शंका-समाधान : केबिनमधला वूफर आणि खालची बॅटरी

प्रश्न : माझी दहा टायरी गाडी आहे. कांदा भरून दक्षिणेकडे जातो. दिवाळीत डेकला ॲम्प्लिफायर आणि वूफर जोडून घेतला. वायरमनने दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच १२ व्होल्टची लाइन घेतली. आता पहाटे गाडी सेल्फच घेत नाही, रोज धक्का मारायला माणसं शोधावी लागतात. दोन्ही बॅटऱ्या वर्षाच्या आतल्या आहेत. डायनामो गेला असेल का? हप्ते चालू आहेत, मोठा खर्च निघाला तर कुठून आणू?
— चालक-मालक, निफाड

उत्तर : डायनामोवर संशय घेण्याआधी ती एका बॅटरीवरची लाइन बघा, बहुधा दुखणे तिथेच आहे. मोठ्या ट्रकची वीज २४ व्होल्टची असते, म्हणजे १२-१२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये (एकीचे टोक दुसरीला) जोडलेल्या असतात. दुकानात मिळणारे बहुतेक ॲम्प्लिफायर मात्र मोटारींसाठीचे, १२ व्होल्टचे असतात. मग मधल्या जोडावरून लाइन काढली जाते. गाणी उत्तम वाजतात, पण सगळा भार एकाच बॅटरीवर पडतो. डायनामो दोघींना मिळून सुमारे २८ व्होल्ट देतो. त्यातले कोणाला किती, हे त्याला कळत नाही. वापरून उतरलेलीच्या वाट्याला १३ येतात आणि आधीच भरलेलीच्या वाट्याला १५. एकाच पंगतीत एक कायम अर्धपोटी आणि दुसरीला अजीर्ण, असा हा प्रकार आहे. दुसरीचे पाणी आटते, पहिली भरतच नाही आणि सेल्फला तर दोघींचीही ताकद लागते.

पडताळा घरच्या घरी घेता येईल. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ मारण्याआधी मल्टिमीटरने दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. एक १२.६ च्या आसपास आणि दुसरी १२ किंवा त्याहून खाली दिसली, तर कारण जवळजवळ हेच. ती लाइन आजच काढा आणि बॅटरीवाल्याकडून दोन्ही स्वतंत्रपणे पूर्ण चार्ज करून घ्या. वर्षाच्या आतली बॅटरी यातून बरेचदा सावरते. लोड टेस्टमध्ये (भार टाकून घेतलेल्या चाचणीत) एखादी नापास झालीच, तर एकच बदलू नका. जुनी-नवी जोडी पुन्हा तोच असमतोल आणते. हा खर्च जड वाटेल हे मला कळते, म्हणून आधी चार्ज करून पाहा असे सांगतो आहे. चार्जिंगनंतरही सेल्फ लागला नाही, तरच ऑटो इलेक्ट्रिशियनकडे डायनामो तपासा.

वूफर सोडायची गरज नाही. मध्ये कन्व्हर्टर (२४ चे १२ व्होल्ट करणारी पेटी) बसवा, पण अँपिअर पाहून. खोक्यावरच्या ‘२००० वॅट’कडे दुर्लक्ष करा, तो आकडा ग्राहकासाठी छापलेला असतो, ॲम्प्लिफायरसाठी नाही. पुस्तिकेतले आरएमएस (सतत देता येणारी खरी शक्ती) वॅट बघा. क्लास-डी जातीच्या ३०० आरएमएस वॅटच्या ॲम्प्लिफायरला पूर्ण आवाजात २७ अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. त्याला ४० अँपिअरचा कन्व्हर्टर हवा. डेकसाठी मिळणारा १० अँपिअरचा इथे टिकणार नाही. केबिनपुरता १५० वॅट पुष्कळ, असे माझे मत. थेट २४ व्होल्ट मात्र चुकूनही देऊ नका.

प्रश्न : इंजिनच्या कामासाठी केबिन उचलली होती. त्यानंतर वूफरचा फ्यूज सारखा उडायला लागला. गॅरेजवाल्याने मोठा फ्यूज टाकून दिला. आता उडत नाही, पण चढाला सीटखालून जळका वास येतो. गाडीला आग तर लागणार नाही ना? केबिनमध्ये झोपायची भीती वाटते.
— चालक, खोपोली

उत्तर : तुमची भीती रास्त आहे. ॲम्प्लिफायरच्या लाइनचे बॅटरीकडचे टोक सोडा, त्यावर टेप गुंडाळा आणि ऑटो इलेक्ट्रिशियनने पाहीपर्यंत वूफर बंदच ठेवा. टोक सोडूनही वास आला, तर गाडी बाजूला घ्या, तिथे झोपू नका आणि इलेक्ट्रिशियनलाच गाडीपाशी बोलवा.

फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो. तो उडत होता, म्हणजे वायर कुठेतरी सोलली गेली आहे हे तो सांगत होता. मोठा फ्यूज घालून त्याचे तोंड बंद केले गेले. जागा बहुधा केबिनच्या बिजागरीपाशी सापडेल. बॅटऱ्या चासीवर आणि ॲम्प्लिफायर केबिनमध्ये, त्यामुळे वायर त्या सांध्यावरूनच जाते. तिथे कंपनीच्या वायरिंगला मुद्दाम ढील दिलेली असते, आणि आपली नवी वायर ताणून बांधलेली असते. केबिन पुढे कलली की ती ओढली जाते किंवा लोखंडात चेमटते. नवी वायर कंपनीच्या जुडग्याबरोबर, तेवढीच ढील देऊन, जाळीदार नळीतून न्यायला सांगा. वायरच्या जाडीला शोभेल असाच फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. चासीवरून जाताना एअर ब्रेकच्या नळ्यांना ती बांधू देऊ नका.

प्रश्न : नवीन पिकअप घेतली. स्क्रीनचा डेक छान आहे, बदलायचा नाही, फक्त बेस हवाय. पण डेकच्या मागे ॲम्प्लिफायरची पिन लावायला जागाच नाही. एक दुकानदार म्हणतो स्पीकरची वायर तोडून जोडू. मित्र म्हणतो, वायर तोडली की वॉरंटी आणि विमा दोन्ही गेले. खरं काय?
— टोमॅटो वाहतूकदार, नारायणगाव

उत्तर : दोघेही अर्धे बरोबर आहेत. वूफर लावला म्हणून इंजिनाची वॉरंटी संपत नाही. मात्र कापलेल्या वायरीमुळे डेक किंवा वायरिंग बिघडले, तर तो खर्च कंपनी नाकारू शकते. म्हणून वायर कापू नका. तुमच्या मॉडेलचा जोडकपलर (कंपनीच्या सॉकेटमध्ये बसणारी मधली जोडणी) मागा. नंतर तो काढला की गाडी होती तशी. सर्व्हिस सेंटरला आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. कंपनीने न बसवलेल्या विजेच्या वस्तू विम्यात आपोआप येत नाहीत. त्या कळवून, थोडा जादा हप्ता भरून पॉलिसीत नोंदवाव्या लागतात.

पिन नाही, ही मोठी अडचण नाही. हाय लेव्हल इनपुट (स्पीकरच्या वायरीवरूनच संकेत घेण्याची सोय) असलेला ॲम्प्लिफायर घ्या. तुमची गाडी १२ व्होल्टची, त्यामुळे कन्व्हर्टर लागत नाही. इथे एक गोष्ट दुकानदारासमोर उभे राहून पाहा. आजच्या डेकमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर ६ व्होल्टच्या आसपास दाब असतो. त्यातली ‘मायनस’ समजली जाणारी वायर बॉडीला टेकवली, तर डेकमधली आयसी जळू शकते.

जागेसाठी सीटखाली मावणारा आठ इंची चपटा वूफर चालतो. त्यात ॲम्प्लिफायर आतच असतो. लो पास फिल्टर (फक्त खालचे सूर जाऊ देणारी गाळणी) ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा, म्हणजे निवेदकाचा आवाज सीटखालून येणार नाही. काही डेक छोटे स्पीकर फाटू नयेत म्हणून आवाज वाढवला की स्वतःहून बेस कमी करतात. तसे जाणवले तर वूफर खराब निघाला असे समजू नका.

प्रश्न : ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून कुंईऽऽ अशी शिट्टी येते, सोडला की उतरते. इंजिनात काही बिघडलंय का?
— पिकअप मालक, मिरज

उत्तर : इंजिन ठीक असावे. डायनामोची वीज खराब अर्थिंगमधून आवाजात घुसते आहे. अर्थची वायर रंगावर कसली असेल तर रंग खरवडून चकचकीत पत्रा काढा आणि बोल्ट घट्ट करा. वायर हातभरापेक्षा लांब नको. संकेताची वायर बॅटरीच्या वायरीला चिकटून जात असेल, तर ती दुसऱ्या बाजूने न्या. एवढ्यावरही शिट्टी राहिली आणि शिवाय डॅशबोर्डवर बॅटरीचा दिवा लागला, तर डायनामो दाखवा.

प्रश्न : आमचे मिस्टर ट्रकवर असतात. वूफर बसवल्यापासून घरी आले की कानात किर्र वाजतंय म्हणतात, टीव्ही मोठा लावतात. विचारलं तर चिडतात. बहिरेपण येईल का? वूफर काढायला लावू का?
— गृहिणी, कराड

उत्तर : लगेच बहिरेपण गृहीत धरू नका. मोठ्या आवाजानंतर काही तास कान किर्र करणे, दडे बसल्यासारखे वाटणे हे दिसते आणि विश्रांतीने जाते. तुम्ही लिहिता तसे ते दर फेरीनंतर होत असेल, तर मात्र कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून श्रवणचाचणी करून घ्यायलाच हवी. ८५ डेसिबल आवाज रोज आठ तासांपर्यंत, ही साधारण मर्यादा मानतात. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. इंजिनाच्या घरघरीवर मात करायला आवाज वाढवला जातो आणि ही मर्यादा कधी ओलांडली हे कळत नाही.

वूफर काढायला लावून घरात वाद नको. काचा बंद असताना शेजारच्या क्लीनरचे साधे बोलणे आणि मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येईल इतकाच आवाज ठेवायला सांगा. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले किंवा सोबत चक्कर आली, तर पुढची फेरी संपण्याची वाट न पाहता, वाटेत असतील त्या गावी, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.