भावी शिक्षक, तंत्रविद्या आणि सर्जनशीलता

शाळेत नवे यंत्र आले की अध्यापन आपोआप सुधारते, असा एक समज आहे. यंत्रामुळे मुलांची कल्पकता मारली जाते, असा दुसरा. अध्यापक विद्यालयातून उद्या वर्गात पाऊल टाकणाऱ्या छात्राध्यापकाने हे दोन्ही समज तपासून घेतले पाहिजेत. त्यासाठी महाराष्ट्रातील अनुभव पुरेसा बोलका आहे.

पडद्यापासून संकेतचिन्हापर्यंत

शालेय दूरचित्रवाणी कार्यक्रमांच्या निर्मितीसाठी १९८४ मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ ही संस्था स्थापन झाली. दूरदर्शनवरून तिचे कार्यक्रम खेड्यापाड्यांतील मुलांपर्यंत पोहोचले. २०१७ मध्ये ही संस्था बंद झाली. दूरचित्रवाणीने दूरचे जग वर्गात आणले, ही तिची मोठी देणगी होय. परंतु पडदा मुलाच्या प्रश्नासाठी थांबू शकत नव्हता. तो प्रश्न ऐकून घेणे हे शिक्षकाचेच काम होते.

पुढे सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. पानावरील चौकोनी चिन्ह मोबाइलने टिपले की पाठाशी संबंधित ध्वनी व चित्रे उघडतात. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरच्या या पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना वाटून दिली. येथे साधन बाजारातलेच होते. त्याचा उपयोग मात्र शिक्षकाने शोधला.

काडेपेटीतील भूमिती

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्याशी संबंधित एक उदाहरण याहून जुने आहे. कानपूरच्या आय. आय. टी.तून अभियंता झालेले अरविंद गुप्ता टेल्को कंपनीत नोकरीस होते. १९७८ मध्ये वर्षभराची रजा घेऊन ते मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तेथे आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची बारीक रबरी नळी एवढ्याच सामग्रीतून त्यांनी भौमितिक आकृत्या घडविल्या. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतील बालविज्ञान केंद्रातही त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याचे कार्य केले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या काड्यांतून मूल काय शिकते? तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौकोन कलतो. त्यात कर्णाची काडी बसवली की तो ताठ उभा राहतो. कारखान्याच्या छपराच्या कैचीत त्रिकोण का असतात, याचे उत्तर मुलाच्या बोटांनीच शोधलेले असते.

रावेत येथील एक पाठ

पवना धरणातून नदीत सोडलेले पाणी रावेत येथील बंधाऱ्याजवळ उपसले जाते आणि शुद्धीकरणासाठी निगडीकडे नेले जाते. पिंपरी-चिंचवडमधील असंख्य घरांच्या नळांना हेच पाणी येते. या परिसरातील शाळेत पाठ घेणाऱ्या छात्राध्यापकाला ‘पाणी वर कसे चढते?’ हा विषय आयताच हाती लागतो.

मोबाइलवरील नकाशात धरण ते नळ हा प्रवास मुलांना दाखवता येईल. मात्र पाठ तेथेच संपू नये. नळीचा तुकडा, दट्ट्या आणि सायकलच्या ट्यूबच्या दोन झडपा यांतून मुलांनी लहान पंप करावा. दट्ट्या वर ओढताच नळीतील दाब कमी होतो, बाहेरील हवेचा दाब पाणी आत ढकलतो; दट्ट्या खाली दाबताना खालची झडप मिटते आणि पाणी वरच्या झडपेतून निघते. पंप गळला तर का गळला, हे मुलांनीच शोधावे. बंधाऱ्यावरील मोठ्या पंपांची रचना वेगळी असली, तरी दाबाचा प्रश्न दोहोंकडे आहे.

साधनाची कसोटी

औद्योगिक पट्ट्यातील अनेक मुले परगावाहून, परप्रांतातून आलेल्या कामगारांची आहेत. शाळेची भाषा अजून अवगत न झालेल्या मुलालाही काडी जोडता येते, झडप बसवता येते. केवळ पडद्याकडे पाहणाऱ्या वर्गात असे मूल मागे पडण्याचा धोका असतो.

म्हणून भावी शिक्षकाने प्रत्येक साधनाला एकच कसोटी लावावी: साधन बाजूला ठेवल्यानंतर मुलाच्या हातात आणि डोक्यात काय उरले? नवा प्रश्न उरला असेल, तर साधन महाग असो वा फुकट, ते सार्थकी लागले असे समजावे.