लवंगेचे तेल आणि पेशीतील डीएनए

दाढ दुखू लागली की लवंगेच्या तेलाचा बोळा धरतात, हे सर्वांस ठाऊक आहे. या तेलात मुख्यतः युजेनॉल हे द्रव्य असते. डीएनएच्या रक्षणाशी त्याचा संबंध कसा लावतात, हे मी कलाशाखेचा असूनही समजून घेण्याचा यत्न केला.

पेशी प्राणवायू वापरते तेव्हा थोडी 'मुक्त मूलके' तयार होतात. त्यांतील एक इलेक्ट्रॉन एकटा असतो. जोडीसाठी ती शेजारच्या रेणूवर घाला घालतात. घाला डीएनएतील ग्वानीनवर पडला, तर प्रत निघताना त्यासमोर सायटोसीनऐवजी ॲडेनीन बसण्याचा संभव असतो. युजेनॉल आपल्याजवळील हायड्रोजन मूलकास देऊन टाकते. मग ते स्वतःच मूलक बनते, पण उरलेला एकटा इलेक्ट्रॉन त्याच्या षट्कोनी कड्यात पसरल्यामुळे बरेच शांत राहते. ओव्यातील थायमॉलचेही तसेच.

मात्र हे परीक्षानळीतले झाले. मात्रा वाढली की हेच युजेनॉल पेशी मारते. दोन वर्षांच्या एका मुलाने ५ ते १० मि.लि. लवंगतेल प्यायल्याने त्याचे यकृत बिघडल्याची व तो बेशुद्ध पडल्याची नोंद १९९३ साली प्रसिद्ध झाली आहे. तो वाचला.

हे वाचून मी देवळीतली बाटली उचलून वरच्या फळीवर ठेवली. घरात धाकटी भावंडे आहेत. आजी म्हणाली, "अरे, इतकी वर्षं कुणाला काय झालं?" आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. 'मूलक' आजीला कोणत्या शब्दात सांगावे, ते अजून सुचलेले नाही.