संगणकावरचे इंटरनेट घरातल्या मोबाईलला : अडले तर आधी कुठे पाहावे?



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खोडवा, ठिबक, खतांच्या मात्रा यांविषयी लिहीत असतो. या वेळचा विषय थोडा निराळा आहे. मात्र तो आता उसाच्या फडापर्यंत येऊन ठेपला आहे, म्हणून त्याला टाळता येत नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबाऱ्यावरची पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करावी, अशी पद्धत आली. हंगामाची मुदत असते. मुदतीत नोंद झाली नाही तर पुढे विम्याला, नुकसानभरपाईला किंवा कर्जाला धावपळ होते. ऊस रानात उभा असतो, पण कागदावर नसतो.

तेलगावहून धारूर घाटाच्या बाजूला गेले की डोंगराच्या आडोशाला मोबाईलची रेंज कधी असते, कधी नसते. उलट काही घरांत आता तारेने इंटरनेट आले आहे. बहुधा ते मुलाच्या शिक्षणासाठी घेतलेले असते आणि तार एका संगणकाला लावलेली असते. म्हणजे संगणकाला भरपूर, आणि बाकीच्या घराला थेंब नाही! संगणकात आलेले हे इंटरनेट बिनतारी, म्हणजे वायफायने, घरातल्या मोबाईलना वाटून देता येते. ते कसे द्यावे आणि अडले तर दोष कसा शोधावा, एवढाच या पाठाचा विषय आहे.

आमची फजिती

पाहणीची मुदत संपायला दोन दिवस उरले होते. लागणीची नोंद घ्यायला आम्ही एका सभासदांच्या वस्तीवर गेलो. म्हातारे आजोबा ओसरीवर मोबाईल घेऊन बसलेले.

"साहेब, तार घरात आलीय. नातवाच्या कॉम्प्युटरला नेट हाय. पण आमच्या मोबाईलमदी येईना. उसाची नोंद धाडायची ऱ्हायलीय. तुमाला कळतं का यातलं काही?"

कळते म्हणालो आणि बसलो. पासवर्ड तीनदा बदलला. मोबाईल बंद-चालू केला. संगणक दोनदा बंद केला. नातवानेही मधूनमधून काहीबाही दाबले. दोन तास गेले. चहा दोनदा झाला, नेट काही आले नाही. मोबाईल 'जोडले' म्हणे आणि खाली लिहून येई, 'इंटरनेट नाही'.

घरी परतताना आमच्या ध्यानात आले की आम्ही शेवटाकडून सुरुवात केली होती. शेवटच्या तासाला ठिबक चालत नसेल तर आपण कधी ड्रीपर उपटत बसतो का? आधी मोटर पाहतो, मग फिल्टर, मग मेन, सबमेन, आणि शेवटी लॅटरल. तोच नियम इथेही लागू करायला हवा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेलो आणि उगमापासून एकेक पायरी पाहत आलो. त्या पायऱ्या पुढे दिल्या आहेत.

मांडणी समजून घ्या

बाहेरची तार आधी एका पेटीत येते. तिला मोडेम, राउटर किंवा फायबरची डबी म्हणतात. ही झाली विहीर. पेटीपासून संगणकापर्यंत केबल जाते. ती झाली मेन पाइप. संगणक हा वाटप करणारा. एका बाजूने तो तारेतून इंटरनेट घेतो आणि दुसऱ्या बाजूने वायफायवर सोडतो. मोबाईल म्हणजे शेवटचा तास.

ही युक्ती नवी नाही. एका संगणकाचे इंटरनेट दुसऱ्यांना वाटून देण्याची सोय विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत, म्हणजे १९९९ मध्येच आली होती. विंडोज १० मध्ये २०१६ साली 'मोबाईल हॉटस्पॉट' नावाचे सोपे बटण आले. विंडोज ११ मध्येही ते आहे. 'सेटिंग्ज' मध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट' उघडले की सापडते. तेथे नाव आणि किमान आठ अक्षरी पासवर्ड ठरवून बटण चालू करायचे. मोबाईलवर त्याच नावाचे वायफाय दिसते.

पायरी पहिली : विहिरीला पाणी आहे का?

मोबाईल बाजूला ठेवा. संगणकावरच इंटरनेट चालते का ते पाहा. मात्र रोजचेच पान उघडून समाधान मानू नका. जुने साठवलेले पानही समोर येऊ शकते. पूर्वी कधी न उघडलेले एखादे पान उघडा.

उघडले नाही तर दोष संगणकाच्या अलीकडे आहे. केबलच्या टोकाची प्लास्टिकची खिटी मोडली आहे का ते पाहा. ती मोडली की टोक सैल बसते. केबल लावतो तेथे बहुतेक ठिकाणी बारीक दिवा असतो. तो विझलेला असेल तर केबल, टोक किंवा पेटी यांपैकी काहीतरी गेले. उंदराने कुरतडलेली केबल हे आपल्याकडचे नेहमीचे कारण. एका सलग केबलची लांबी १०० मीटरच्या आत हवी, म्हणून घरातून थेट विहिरीवरच्या खोलीपर्यंत केबल ओढू नये.

संगणकाच्या जोडणीचा आकडा '१६९.२५४' ने सुरू होत असेल तर तो आकडा संगणकाने स्वतःच घेतलेला असतो. पेटीकडून त्याला काही मिळालेले नाही, असा त्याचा अर्थ. पेटी बंद करून दोन मिनिटांनी चालू करा. तरीही तसेच राहिले तर जोडणी देणाऱ्यास कळवा. पुढच्या पायऱ्या करण्यात अर्थ नाही.

पायरी दुसरी : वाटायला वायफाय आहे का?

टेबलावरच्या बऱ्याच संगणकांत वायफायचे कार्डच नसते. तार असते म्हणून ते कोणाच्या ध्यानात येत नाही. अशा वेळी यूएसबीमध्ये खोचायचा छोटा वायफाय डोंगल लागतो. लॅपटॉपमध्ये वायफाय असते, पण ते बटणाने बंद किंवा 'एअरप्लेन मोड' वर गेलेले असू शकते. काही जुनी कार्डे वायफाय घेऊ शकतात, पण देऊ शकत नाहीत. तेव्हा कार्डाचे सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, नवे करून पाहावे. तेवढ्याने भागले नाही तर डोंगल बदलावा.

पायरी तिसरी : कोणते पाणी सोडले आहे?

आमची गाडी याच पायरीवर अडली होती. हॉटस्पॉटच्या पानावर 'शेअर माय इंटरनेट कनेक्शन फ्रॉम' अशी ओळ असते. कोणत्या वाटेने आलेले इंटरनेट वाटायचे ते तिथे ठरते. तारेचे वाटायचे तर तेथे 'ईथरनेट' हवे.

त्या घरी तेथे 'वायफाय' निवडलेले होते. तार येण्यापूर्वी नातू काकांच्या मोबाईलवरून संगणकाला नेट घेत असे. ती जोडणी संगणकाने लक्षात ठेवली होती. काकांचा हॉटस्पॉट चालूच राहिलेला, संगणक आपोआप त्याला चिकटलेला, आणि काकांचा त्या दिवसाचा पॅक संपलेला! संगणक स्वतःपुरते तारेचे इंटरनेट वापरत होता, म्हणून त्यावर सारे ठीक दिसे. वाटत मात्र काकांचे कोरडे इंटरनेट होता. विहीर काठोकाठ भरलेली, आणि ठिबकची मेन आटलेल्या बोअरला जोडलेली, असला प्रकार.

ओळीत 'ईथरनेट' निवडले, हॉटस्पॉट बंद करून चालू केला. मिनिटभरात आजोबांच्या मोबाईलवर नेट आले. मुदतीला एक दिवस शिल्लक असताना उसाची नोंद गेली.

काही जोडण्यांत संगणकावरच नाव व पासवर्ड देऊन 'डायल' करावे लागते. तेथे नुसते ईथरनेट वाटून भागत नाही. डायल केलेली जोडणी वाटावी लागते. अशा ठिकाणी नाव-पासवर्ड राउटरमध्येच भरून घेणे सोयीचे.

पायरी चौथी : मोबाईलला नंबर मिळाला का?

संगणक प्रत्येक मोबाईलला एक आकडी पत्ता देतो. पाटकरी जशा पाळ्या लावून देतो, तसेच हे. विंडोजमध्ये संगणकाचा स्वतःचा वाटपाचा पत्ता बहुधा १९२.१६८.१३७.१ असतो आणि मोबाईलना १९२.१६८.१३७ याच घरातले पुढचे आकडे मिळतात. मोबाईल 'ऑब्टेनिंग आयपी ॲड्रेस' वरच घुटमळत असेल तर त्याला पत्ता मिळालेला नाही. अशा वेळी क्रमाने :

(अ) मोबाईलमध्ये ते वायफाय 'फरगेट' करून पुन्हा जोडा.
(आ) हॉटस्पॉट बंद करून पुन्हा चालू करा.
(इ) संगणकाच्या 'सर्व्हिसेस' मध्ये 'इंटरनेट कनेक्शन शेअरिंग' ही सेवा चालू आहे का पाहा.
(ई) बाहेरून बसवलेल्या अँटिव्हायरसची फायरवॉल अडवते आहे का ते पाहा. ती पाच मिनिटे थांबवून खात्री करा आणि लगेच परत चालू करा. विसरू नका, बांधाचे दार उघडे टाकून झोपायला जाऊ नये.

एक मर्यादा ध्यानात असू द्या. विंडोजच्या हॉटस्पॉटला एका वेळी आठच उपकरणे जोडता येतात. पाहुणे आले, शेजारची पोरे आली, की नववा मोबाईल बाहेरच राहतो आणि आपण उगीच पासवर्ड तपासत बसतो. किती जोडले आहेत ते त्याच पानावर दिसते.

पायरी पाचवी : जोडते आणि तुटते

संगणक झोपी गेला की वाटप थांबते. म्हणून काम चालू असेपर्यंत 'स्लीप' बंद ठेवावे. हॉटस्पॉटच्या पानावर 'पॉवर सेव्हिंग' असते. कोणी जोडलेले नसले की ते हॉटस्पॉट आपोआप बंद करते. तेही गरजेपुरते बंद करावे. वीज गेली की पेटी आणि संगणक दोन्ही जातात, म्हणून दोन्ही इन्व्हर्टरवर हवेत. एकच ठेवून उपयोग नाही.

ओसरीत चालते आणि मागच्या खोलीत चालत नाही, असे असेल तर पट्टा पाहा. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण भिंतीपुढे लवकर दमतो. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा हळू, पण लांब जातो. जुन्या मोबाईलना तर ५ चे नाव दिसतच नाही. अशा वेळी २.४ निवडावा. पत्र्याची भिंत दोघांनाही अडवते.

सावधगिरी

पासवर्ड भिंतीवर लिहून ठेवू नये. जोडणी ज्याच्या नावावर, कमीजास्त झाल्यास विचारणा आधी त्याच्याकडे होते. कोणी फोनवरून 'नेट दुरुस्त करतो, ओटीपी सांगा' म्हणाले तर फोन ठेवून द्यावा. नेट दुरुस्तीला बँकेचा ओटीपी लागत नाही. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यावर बँकेची कामे करणाऱ्यांनी संगणक पुढच्या आवृत्तीवर नेता येतो का ते जाणकाराकडून पाहून घ्यावे.

आणखी एक, मोकळेपणाने सांगतो. ही सोय अडचणीच्या वेळची आहे. मोबाईलला नेट हवे म्हणून दिवसभर संगणक चालू ठेवणे परवडत नाही. फायबरच्या पुष्कळशा पेट्यांत वायफाय आधीच असते, फक्त चालू केलेले नसते. आधी ते विचारा. नसेल तर साधा वायफाय राउटर घ्यावा.

थोडक्यात

१. उगमापासून शेवटाकडे जा. शेवटाकडून उगमाकडे नको.
२. एका वेळी एकच बदल करा आणि लगेच तपासा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही. खताच्या प्रयोगातही आपण हेच पाळतो.
३. जो बदल केला तो वहीत लिहा. पुढच्या खेपेला दोन तास वाचतील.
४. मुदतीच्या कामाला शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. नेट दुरुस्त होते. गेलेली मुदत आपल्या हाती नसते.

या अंकाचे पान संगणकाजवळ चिकटवून ठेवले तरी चालेल. त्या आजोबांनी आम्हाला निघताना विचारले, "मग काल दोन तास आपण काय करत होतो, साहेब?" त्याचे उत्तर आम्ही वर लिहिले आहे.