सर्व्हरचे लायसन्स : मोजायचे काय?



सर्व्हर घेताना यंत्राची किंमत सगळेच विचारतात. त्यावरील ऑपरेटिंग सिस्टिमच्या लायसन्सला किती पैसे पडतील, हे मात्र पुष्कळदा बिल हातात आल्यावर कळते. म्हणून बारावीच्या वर्गात मी हा हिशोब फळ्यावर करून घेतो. उदाहरण विंडोज सर्व्हरचे घेऊ.

२०१२च्या आवृत्तीत लायसन्स प्रोसेसरवर मोजत. एका लायसन्समध्ये दोन प्रोसेसर बसत. २०१६च्या आवृत्तीपासून मोजणी कोअरवर आली. प्रोसेसर म्हणजे डॉर्मिटरी आणि कोअर म्हणजे तिच्यातली खाट, असे समजा. पूर्वी भाडे डॉर्मिटरीवर होते, आता खाटेवर आहे. तिच्यावर कोणी झोपो वा न झोपो.

संपूर्ण यंत्राचे लायसन्स घेताना तीन नियम लक्षात ठेवा.

१. यंत्रातील प्रत्येक भौतिक कोअर मोजायचा.
२. प्रत्येक प्रोसेसरमागे किमान ८ कोअर धरायचे.
३. प्रत्येक सर्व्हरमागे किमान १६ कोअर धरायचे.

आता गणित पाहा. एक प्रोसेसर, ६ कोअर : दुसऱ्या नियमाने ८, पण तिसऱ्या नियमाने १६. दोन प्रोसेसर, प्रत्येकी १२ कोअर : २४. चार प्रोसेसर, प्रत्येकी ४ कोअर : कोअर १६च, पण दुसऱ्या नियमाने ३२ मोजावे लागतात! म्हणजे कोअर तेवढेच असूनही केवळ प्रोसेसर जास्त म्हणून खर्च दुप्पट.

येथे एक फसवी जागा आहे. हायपर-थ्रेडिंग चालू असेल, तर टास्क मॅनेजर २४ कोअरच्या यंत्रात ४८ लॉजिकल प्रोसेसर दाखवतो. आपण २४च मोजायचे.

पुढचा प्रश्न व्हर्च्युअल मशीनचा. स्टँडर्ड आवृत्तीत सर्व कोअरचे लायसन्स एकदा घेतले की दोन व्हर्च्युअल मशीन चालवता येतात. आणखी दोन हवी असतील, तर सर्व कोअरचे लायसन्स पुन्हा घ्यायचे. २४ कोअरच्या यंत्रावर चार मशीनसाठी ४८, सहासाठी ७२. डेटासेंटर आवृत्ती महाग, पण तिच्यात या संख्येला मर्यादा नाही. म्हणून आधी किती मशीन लागतील ते ठरवा, मग आवृत्ती निवडा.

याशिवाय सर्व्हर वापरणाऱ्यांसाठी कॅल, म्हणजे क्लायंट ॲक्सेस लायसन्स, वेगळे लागते. ते माणसामागे किंवा उपकरणामागे घेता येते. समजा, ४० संगणक ३०० कॅडेट आळीपाळीने वापरतात. उपकरणामागे घेतले तर ४० कॅल पुरतात, माणसामागे ३०० लागतात. एकाच अधिकाऱ्याकडे तीन उपकरणे असतील, तर हिशोब उलटा होतो.

उद्या तुमच्यापैकी कोणी तरी एखाद्या खरेदी समितीवर बसेल. कमी मोजले तर लायसन्सचा भंग होतो, जास्त मोजले तर सरकारी पैसा वाया जातो. दोन्ही टाळायला पाढे येणे पुरेसे आहे.

सरावासाठी : दोन प्रोसेसर, प्रत्येकी १० कोअर, स्टँडर्ड आवृत्ती, सहा व्हर्च्युअल मशीन. उत्तर ६० आले, तर धडा समजला.